वाचकांचे प्रश्न : एक्सरेत हाडात काहीतरी दिसलंय, आता पुढे काय?

गेल्या अंकात गुडघेदुखीवर लिहिलं आणि त्यानंतर जी पत्रं, मेल आल्या त्यात एक गोष्ट सारखी दिसली. लोक रिपोर्टमधली शेवटची ओळ तेवढी टाइप करून पाठवतात, 'लिटिक लिजन, क्लिनिकल कोरिलेशन करा' (म्हणजे हाड पोखरलेला डाग आहे, पेशंट तपासून ताडून बघा), आणि खाली विचारतात कॅन्सर आहे का. अहो पण पेशंटचं वय किती, हाड कुठलं, आणि त्या हाडाच्या टोकाला आहे की मधे, हे तीन नाही कळलं तर मीच काय कोणीच काही सांगू शकणार नाही. तसाच डाग बारा वर्षांच्या पोरात एक गोष्ट असते आणि साठीच्या माणसात भलतीच. मी रेडिओलॉजिस्ट आहे, ऑपरेशन करत नाही, फिल्मा वाचते, त्यामुळे उत्तरं त्या बाजूने येणार हे धरून चाला. ज्यांनी वय, हाड आणि जागा लिहिलीय त्यांची पत्रं आधी घेतलीत.

प्रश्न : माझा मुलगा १४ वर्षांचा आहे, कबड्डी खेळतो. दोन-अडीच महिन्यांपूर्वी पडला तेव्हापासून उजव्या गुडघ्याच्या वर दुखतंय. आधी हाडवैद्याकडे मालिश करून पट्टी बांधली, थोडे दिवस बरं वाटलं, आता रात्री उठून बसतो आणि सूजही दिसते. एक्सरेत 'मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाजवळ ॲग्रेसिव्ह लिजन, पेरिऑस्टिअल रिॲक्शन' असं आलंय. इथले डॉक्टर म्हणतात परवा आमच्याच हॉस्पिटलात उघडून तुकडा काढू. करू का? (एक आई, सांगली जिल्हा)

उत्तर : ताई, परवाचं थांबवा. तपासणी थांबवायची नाहीये, ती उलट पळवायचीय, फक्त तुकडा तिथे आणि आत्ता काढायचा नाही. मालिश आजपासून बंद, आणि मुलाला कुबड्या आणून द्या, त्या पायावर भार नको, कारण असं पोखरलेलं हाड साध्या पाय मुरगळण्याने मोडतं आणि मग सगळंच अवघड होऊन बसतं.

आता रिपोर्टमधे काय लिहिलंय ते सांगते. हाडातला डाग बघताना आम्ही पहिल्यांदा त्याची कड बघतो. सावकाश वाढणारी गोष्ट असेल तर भोवतीच्या हाडाला भिंत घालायला वेळ मिळतो, मग डागाभोवती पेन्सिलीने ओढल्यासारखी पातळ पांढरी रेघ येते. भराभर वाढणाऱ्याला ती रेघ नसते, डाग कुठे संपला आणि चांगलं हाड कुठे सुरू झालं हेच सांगता येत नाही. शिवाय हाडावर एक पातळ आवरण असतं, पेरिऑस्टिअम, ते खालून उचललं गेलं की नवीन हाड बनवायला लागतं, पण गाठ इतकी पुढे पळत असते की ते काम अर्धवट राहतं आणि कडेला एक छोटा त्रिकोण दिसतो, त्याला कॉडमनचा त्रिकोण म्हणतात. हे सगळं मिळून 'ॲग्रेसिव्ह'. ते कॅन्सरमधे दिसतं, पण हाडात पू झाला तरी असंच दिसू शकतं, म्हणून नुसत्या एक्सरेवर शिक्का मारत नाहीत.

पण तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. १४ वर्षं वय, गुडघ्याच्या लगेच वर, वाढीच्या पट्टीजवळचा भाग, रात्रीचं दुखणं, ॲग्रेसिव्ह कड, हे सगळं एकत्र आलं की यादीत पहिलं नाव ऑस्टिओसार्कोमाचं, म्हणजे हाडातच सुरू होणाऱ्या कॅन्सरचं, येतं. त्याच्याखाली युइंग सार्कोमा, तोही हाडाचाच कॅन्सर, आणि हाडातलं इन्फेक्शन. पडल्यामुळे हे झालं का असं तुम्ही मनात म्हणत असाल तर नाही, पडल्यामुळे फक्त त्या पायाकडे लक्ष गेलं. या वयाची पोरं रोजच पडतात, त्यामुळे घरात सगळ्यांनाच वाटतं लागलं असेल, आणि महिना-दोन महिने त्यातच जातात, तुमचंच असं झालंय असं नाही.

क्रम असा ठेवा. आधी एमआरआय, आणि तो गुडघ्याचा नाही, खुब्यापासून गुडघ्यापर्यंत पूर्ण मांडीच्या हाडाचा. हे मुद्दाम लिहून घ्या चिठ्ठीवर, कारण फॉर्मवर 'नी' लिहिलं तर सेंटरवाले गुडघ्याचाच करून देतात आणि त्याच हाडात वर कुठे वेगळा छोटा ठिपका असेल तर तो सुटतो, मग परत मशीनमधे आणि परत पैसे. एमआरआय बायोप्सीच्या, म्हणजे तुकडा काढण्याच्या, आधीच हवा, नंतर केला तर रक्त आणि सूज यामुळे गाठीची खरी हद्द कळत नाही. मग छातीचा सीटी, कारण हा आजार पसरला तर सगळ्यात आधी फुप्फुसात जातो. रक्तात सीबीसी, ईएसआर, सीआरपी, अल्कलाइन फॉस्फटेज, एलडीएच. यातलं अल्कलाइन फॉस्फटेज वाढत्या वयाच्या मुलांचं तसंही जास्तच असतं, तेव्हा लॅबने तो आकडा ठळक अक्षरात छापला म्हणून घाबरू नका.

आणि बायोप्सी शेवटी, जो सर्जन पुढचं मोठं ऑपरेशन करणार त्याच्याच टीमकडून. याचं कारण असं की सुई किंवा ब्लेड ज्या वाटेने आत जातं त्या वाटेवर गाठीच्या पेशी सांडतात, मोठ्या ऑपरेशनच्या वेळी ती वाट गाठीबरोबर अख्खी काढून टाकायची असते. छेद आडवा घेतला, किंवा भलत्या बाजूने आत गेले, तर वाचू शकणारा पाय वाचत नाही. अमेरिकेत हेन्री मॅनकिन यांनी १९८२ मधे ३२९ पेशंटची अशी पाहणी छापली, १९९६ मधे परत ५९७ जणांची, आणि इतक्या वर्षांत आकडे जवळजवळ हललेच नव्हते, दोन्ही वेळी साधारण १८ टक्के लोकांत बायोप्सीवरून केलेल्या निदानातच मोठी चूक, काहींचा पाय किंवा हात नाहक गेला, आणि बायोप्सी जिथे बाहेर कुठेतरी झाली तिथे भानगडी कितीतरी पट जास्त. त्यामुळे डॉक्टरांना सरळ विचारा, 'तुकडा तुम्ही काढला आणि वाईट निघालं तर पुढचं ऑपरेशनही तुम्हीच करणार का?' नाही म्हणाले तर चिठ्ठी घ्या आणि निघा. परळच्या टाटा मेमोरियलमधे हाडांच्या गाठींची वेगळी टीम आहे, मोठ्या शहरांत इतरही ऑर्थोपेडिक ऑन्कोसर्जन आहेत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते त्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला जाण्याआधीच विचारून ठेवा, रेशन कार्ड बरोबर न्या.

समजा ऑस्टिओसार्कोमाच निघाला, तर आधी दोन-तीन महिने किमो, मग ऑपरेशन, मग परत किमो असा साधारण मार्ग असतो, आणि आता बहुतेक मुलांचा पाय वाचवतात, हाडाचा तेवढा भाग काढून धातूचा सांधा बसवतात. किमोच्या आधीच्या काळात पाय कापूनही पाचातला एखादाच मुलगा वाचायचा. आता आजार एकाच जागी असताना सापडला तर ६० ते ७० टक्के मुलं पाच वर्षांनंतरही असतात. म्हणून म्हणते, या आठवड्यात निघा.

प्रश्न : मुलगी ९ वर्षांची, सायकलवरून पडली म्हणून एक्सरे काढला. फ्रॅक्चर नाही पण नडगीच्या हाडात 'नॉन-ऑसिफाइंग फायब्रोमा' आलंय, काही दुखत नाही. एकजण म्हणाले खरवडून हाड भरून टाकू. (नाशिक)

उत्तर : दादा, नको. वाढत्या वयातल्या कितीतरी मुलांच्या हाडात हा साधा, कॅन्सर नसलेला डाग असतो, पडल्यावर एक्सरे काढला म्हणून कळतं, नाहीतर जन्मभर पत्ता लागत नाही. तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टमधे लिहिलंय की डाग हाडाच्या कडेला आहे आणि भोवती पांढरी रेघ आहे, आणि मुलीला दुखत नाही. एवढं जमून आलं की बायोप्सीसुद्धा करायची नसते, आमच्या धंद्यात अशांना 'हात लावू नका' गटातच टाकतात. मुलगी मोठी होईल तसा तो आपोआप भरत जातो. अपवाद एकच, डागाने हाडाची अर्ध्याहून जास्त रुंदी खाल्ली असेल तर मोडायची भीती असते, मग हाडाच्या डॉक्टरांशी बोलावं लागेल, उड्या वगैरे बंद ठेवाव्या लागतील. सहा महिन्यांनी एक साधा एक्सरे काढा, जुनी फिल्म शेजारी ठेवून बघायला सांगा. तोवर सायकल चालवू दे.

प्रश्न : वय ३८, कंबर दुखते म्हणून एमआरआय केला, त्यात एल-२ मणक्यात 'हिमँजिओमा' लिहिलंय. नेटवर वाचलं ट्यूमर आहे. झोप उडालीय. (ठाणे)

उत्तर : झोपा हो निवांत. रक्तवाहिन्यांचा छोटा गुंता आहे तो, साधारण दहा माणसांमागे एकाच्या मणक्यात सापडतो, चरबी असल्यामुळे एमआरआयच्या टी-१ आणि टी-२ दोन्ही प्रकारच्या चित्रांत पांढरा दिसतो आणि सहसा तिथेच ओळखू येतो. कंबर त्याच्यामुळे दुखत नाहीये, तुमच्याच रिपोर्टमधे त्याच्या खाली एल-४-५ च्या गादीबद्दल चार ओळी आहेत त्या वाचा. पायात मुंग्या, जोर कमी होणं, किंवा गाठ मणक्याबाहेर वाढलीय असं लिहिलं असेल तरच तो वेगळा विषय, आणि ते फार क्वचित होतं.

प्रश्न : मी २० वर्षांचा, पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. आठ महिने डाव्या मांडीत रात्री ठणका लागतो, ब्रुफेन घेतली की अर्ध्या तासात एकदम गायब, मी गोळी उशाशीच ठेवतो. एमआरआयमधे 'मॅरो इडिमा, इन्फेक्शन किंवा स्ट्रेस फ्रॅक्चर किंवा निओप्लाझम' असं सगळंच लिहिलंय. कोणाचं ऐकू?

उत्तर : तुझं पत्र वाचतानाच मला वाटलं हा ऑस्टिऑइड ऑस्टिओमा, हाडातली छोटी, कॅन्सर नसलेली गाठ, असणार, नक्की सीटी सांगेल. तुझं वय, रात्रीचा ठणका, गोळीने अर्ध्या तासात गायब, ही याची अगदी पाठ्यपुस्तकातली गोष्ट आहे, आणि मुलींपेक्षा मुलांत जास्त सापडतो. गाठ असते जेमतेम एक-दीड सेंटिमीटरची, पण ती प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन इतकं बनवते की आजूबाजूचं सगळं हाड सुजून जातं, आणि ब्रुफेन नेमकं तेच रसायन बनणं थांबवते म्हणून एवढा फरक पडतो. एमआरआयला ती सूजच (तुझ्या रिपोर्टमधला 'मॅरो इडिमा') डोळ्यात भरते आणि मधला बारीक ठिपका हरवून जातो, म्हणून रिपोर्ट लिहिणाऱ्याने सगळीच नावं लिहून टाकली, त्याचीही चूक म्हणवत नाही. तू त्याच जागेचा पातळ कापांचा सीटी करून घे, एक मिलिमीटरचे काप, कॉन्ट्रास्टची सहसा गरज नाही. त्यात जाड झालेल्या हाडाच्या मधे छोटा काळा गोल आणि कधीकधी त्यात पांढरा ठिपका दिसेल. स्ट्रेस फ्रॅक्चर असेल तर गोल नाही, रेघ दिसते, आणि त्याचं दुखणं चालल्यावर वाढतं आणि झोपल्यावर कमी होतं, तुझं उलटं आहे. जुना गळूसुद्धा असा दिसू शकतो, म्हणून एकदा सीआरपी करून टाक.

निघाला तर उपाय सोपाय, सीटी मशीनमधे बघत बघत सुई त्या ठिपक्यात नेतात आणि साधारण ९० अंशापर्यंत तापवून तेवढंच जाळतात, रेडिओफ्रिक्वेन्सी ॲब्लेशन म्हणतात, बहुतेक लोक एक-दोन दिवसांत घरी. काही जणांचा वर्षानुवर्षांनी आपोआपही थांबतो पण तोवर रोज ब्रुफेन खाणं पोटाला आणि किडनीला परवडणारं नाही, उशाशी ठेवायची सवय लवकर मोड.

प्रश्न : वडील ६२ वर्षांचे, पलंगावरून उठताना मांडीचं हाड मोडलं, पडलेही नाहीत. एक्सरेत मोडलेल्या जागी हाड पोखरलेलं दिसतंय. सर्जन म्हणतात उद्या सकाळी रॉड टाकून मोकळे होऊ, तुकडा तेव्हाच लॅबला पाठवू. आधी कुठलाही कॅन्सर नव्हता. (लातूर)

उत्तर : उद्या नको. हे पत्र तुमच्या हातात पडेपर्यंत ऑपरेशन झालेलंही असेल, पण असा फोन उद्या अजून कुणाच्या घरी येणार आहे म्हणून सविस्तर लिहिते. उठताना हाड मोडणं म्हणजे हाड आधीच आतून गेलेलं होतं. एक्सरेत असं पोखरणं दिसायला त्या जागेचं निदान ३० ते ५० टक्के कॅल्शिअम आधी जावं लागतं, म्हणजे ही गोष्ट काल-परवाची नाही. चाळिशीनंतर अशा डागात सगळ्यात आधी विचार करायचा तो दुसरीकडून हाडात आलेल्या कॅन्सरचा, छाती म्हणजे स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस, किडनी, थायरॉइड हे पाच नेहमीचे, आणि मायलोमाचा, म्हणजे हाडातल्या मगजाच्या कॅन्सरचा. पण वडिलांना आधी कॅन्सर नव्हता आणि डाग एकच आहे, अशा वेळी 'आलेलाच असणार' असं धरून रॉड टाकणं हे हाडांच्या दुनियेतलं सगळ्यात महाग पडणारं गृहीतक आहे. समजा तो तिथलाच कॉन्ड्रोसार्कोमा, म्हणजे कूर्चेचा कॅन्सर, निघाला. रॉड टाकताना हाडाची पोकळी वरपासून खालपर्यंत पोखरून रुंद करतात, म्हणजे एका जागची गाठ अख्ख्या हाडात पसरवली, आणि ज्या गाठीला किमो-रेडिएशन फारसं लागू पडत नाही, जी फक्त कापून बरी होते, तिला कापायची सोयच ठेवली नाही. रिपोर्ट आठ दिवसांनी येतो, तोवर रॉड आत.

मांडी मोडली तरी ती तासाभराची इमर्जन्सी नसते, ट्रॅक्शनवर ठेवून, दुखण्याची औषधं आणि रक्त गोठू नये म्हणून इंजेक्शन देऊन चार-पाच दिवस मिळतात. तेवढ्यात पूर्ण मांडीच्या हाडाचा एक्सरे आणि एमआरआय, छाती-पोट-ओटीपोटाचा सीटी, बोन स्कॅन किंवा पेट स्कॅन, रक्तात सीबीसी, ईएसआर, क्रिएटिनिन, कॅल्शिअम, प्रोस्टेटसाठी पीएसए, सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस आणि फ्री लाइट चेन. मायलोमा बऱ्याचदा बोन स्कॅनवर दिसतच नाही, म्हणून 'स्कॅन क्लिअर आहे' एवढ्यावर तो सोडून द्यायचा नाही, शेवटच्या दोन टेस्ट त्याच्यासाठीच आहेत. १९९३ मधे छापलेल्या एका अमेरिकन अभ्यासात ४० पेशंटमधे अशाच पायरीपायरीने गेल्यावर ८५ टक्के लोकांत मूळ जागा सापडली, नुसता तुकडा काढून तेवढं कळत नव्हतं. आणि मूळ जागा कळून फायदा हा, की किडनीचा निघाला तर ती गाठ टेबलावर प्रचंड रक्त सांडते, आधी तिच्या रक्तवाहिन्या बंद करून घेतात आणि मगच हात लावतात.

एक गोष्ट मात्र खरोखर इमर्जन्सी आहे, ती कोणी सांगत नाही. वडील फार पाणी मागतायत, लघवी सारखी, पोट साफ नाही, गुंगीत आहेत, असं असेल तर ते पेनकिलरमुळे असेल म्हणून सोडू नका, आजच्या आज कॅल्शिअम बघायला सांगा. वाढलं असेल तर सलाईन रात्रीच सुरू व्हायला हवं.

प्रश्न : बहीण २८ वर्षांची. आधी मनगटाजवळ, आता नडगीच्या मधोमधही डाग. बायोप्सीत 'जायंट सेल असलेली गाठ' आली, डॉक्टर जीसीटी म्हणून ऑपरेशनची तारीख देतायत. तिला दोनदा मुतखडा झालाय, याचा काही संबंध असेल का? (कोल्हापूर)

उत्तर : मुतखड्याचं लिहिलंत हे फार बरं केलंत! जीसीटी म्हणजे जायंट सेल ट्यूमर, २० ते ४० वयात, वाढ पूर्ण झाल्यावर, हाडाच्या अगदी टोकाला सांध्याला चिकटून होतो, गुडघा आणि मनगट या त्याच्या आवडत्या जागा, आपल्याकडे आशियात तो पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त दिसतो. त्यामुळे डॉक्टरांना तो सुचला यात नवल नाही. पण जीसीटी सहसा एकच असतो. दोन डाग, त्यातला दुसरा नडगीच्या मधोमध, आणि मुतखडे, हे ऐकल्यावर ऑपरेशनच्या आधी पॅराथायरॉइड बघितलंच पाहिजे. गळ्यातल्या या वाटाण्याएवढ्या ग्रंथींपैकी एखादी बेलगाम झाली की हाडातून कॅल्शिअम ओढत राहते, ते रक्तात वाढतं, किडनीत खडे होतात, आणि हाडात जे डाग पडतात त्यांना ब्राउन ट्यूमर म्हणतात. मायक्रोस्कोपखाली ब्राउन ट्यूमर आणि जीसीटी वेगळे ओळखणं जवळजवळ अशक्य, दोन्हीत तेच मोठे अनेक केंद्रांचे सेल. पॅथॉलॉजिस्टला चिठ्ठीवर फक्त 'मनगटातली गाठ' लिहून पाठवलं तर तो बिचारा दुसरं काय लिहिणार.

उद्या कॅल्शिअम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, पीटीएच (या ग्रंथींचं हार्मोन) आणि व्हिटॅमिन डी करा, सगळं एकाच रक्तात होतं. कॅल्शिअम आणि पीटीएच दोन्ही जास्त, फॉस्फरस कमी आलं तर समजा सापडलं. दोन्ही हातांच्या बोटांचा एक एक्सरेही काढा, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधल्या पेराची अंगठ्याकडची कड कुरतडल्यासारखी दिसली तर ती या आजाराची खूण, दुसऱ्या कशात सहसा दिसत नाही. मग ऑपरेशन हाडाचं नाही, गळ्याचं, आणि ती ग्रंथी काढल्यावर हाडातले डाग बहुतेक वेळा आपले आपण भरून येतात. त्या ऑपरेशननंतर उपाशी हाडं कॅल्शिअम खेचून घेतात, ओठ आणि बोटं झिणझिणतात, पेटके येतात, म्हणून पहिले काही दिवस हॉस्पिटलात कॅल्शिअमवर लक्ष ठेवावं लागतं, तेव्हा डिस्चार्जची घाई करू नका. टेस्ट सगळ्या नॉर्मल आल्या तर जीसीटीची तारीख आहेच.

प्रश्न : आईच्या (५५) पाठीच्या मणक्यात 'टीबी किंवा मेटास्टॅसिस' असा रिपोर्ट आहे. फिजिशियन म्हणतात टीबीच्या गोळ्या सुरू करून दोन महिने बघू. (अकोला)

उत्तर : टीबी की दुसरीकडून मणक्यात आलेला कॅन्सर (मेटास्टॅसिस), आपल्याकडे ही अडचण रोजची आहे. ढोबळ फरक असा की टीबी दोन शेजारशेजारचे मणके आणि त्यांच्यामधली गादी धरतो, बाजूला पू साठतो. कॅन्सर मणका खातो पण गादीला बहुतेकदा सोडतो, आणि मणक्याच्या मागच्या दांड्यापर्यंत जातो. पण टीबी कधीकधी गादी सोडून एकटाच मणका धरतो, त्यामुळे चित्रावर पैज लावू नये. ५५ वयाला शंका दोन्हीकडे असताना गोळ्या देऊन दोन महिने वाट बघणं मला पटत नाही, कॅन्सर असेल तर ते दोन महिने परत मिळत नाहीत, आणि टीबी असेल तरी तो औषधाला दाद न देणारा आहे का हे नमुन्याशिवाय कळणार कसं. सीटीखाली सुईने तुकडा काढायला सांगा.

आणि हे नीट ऐका. सुईवाला तुकडा काढतो, बाहेर नातेवाईकाच्या हातात एक डबी देतात, त्यात फॉर्मलिन असतं, अख्खा नमुना त्यात जातो आणि तुम्ही पळत लॅबला देता. फॉर्मलिनमधे जंतू मरतात, मग कल्चर होत नाही. दोन डब्या हव्यात, एक फॉर्मलिनची बायोप्सीसाठी, दुसरी साध्या सलाईनची, सीबीनॅट (टीबीच्या जंतूचं डीएनए शोधणारी टेस्ट) आणि टीबी कल्चरसाठी. सीबीनॅटमधे रिफॅम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालेल की नाही हेही कळतं. प्रोसिजरच्या आधी विचारा 'सलाईनची डबी ठेवलीय का', मला माहितीय विचारायला अवघड वाटतं, तरी विचारा. आईला पायात कमजोरी किंवा लघवी अडकणं सुरू झालं तर मात्र बायोप्सीच्या नंबरची वाट न बघता त्याच दिवशी मणक्याच्या सर्जनकडे.

प्रश्न : भाच्याची (११) बायोप्सी एका लॅबने 'इन्फेक्शन', दुसरीने 'युइंग असू शकतो' दिली. तिसरीकडे परत तुकडा काढायचा का? (पणजी)

उत्तर : परत सुई लगेच नको, आधी जो तुकडा काढलाय तो मिळवा. लॅबकडे काचेच्या स्लाइड असतात आणि मेणाचा ब्लॉक असतो, ते पेशंटचं आहे, अर्ज करून सही करून दोन्ही मागून घ्या, नुसत्या स्लाइड नाही, ब्लॉकच महत्त्वाचा. तो आणि सगळे एक्सरे-एमआरआय घेऊन हाडांच्या गाठी रोज बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे जा. फिल्म न बघता हाडाची स्लाइड वाचणं धोक्याचं असतं, फ्रॅक्चर भरून येतानाचं नवीन हाडसुद्धा मायक्रोस्कोपखाली कॅन्सरसारखं भासू शकतं.

इन्फेक्शन आणि युइंग यात गोंधळ होतो याला कारण आहे, युइंगमधे ताप येतो, ईएसआर वाढतो, कधी आतून पुवासारखंच काहीतरी निघतं. जेम्स युइंग यांनी १९२१ मधे हा आजार वेगळा म्हणून मांडला तो मुख्यतः रेडिएशनला विरघळतो, हाडाचे बाकीचे कॅन्सर तसे विरघळत नाहीत, या निरीक्षणावरून. आता मात्र त्यातला ११ आणि २२ नंबरच्या क्रोमोसोमचा अदलाबदल शोधता येतो, ईडब्ल्यूएसआर-१ या जनुकाची फिश टेस्ट मागा, ती ब्लॉकवरच होते. अडचण एक, काही लॅबा हाड मऊ करायला तेजाब वापरतात, त्यात डीएनए खराब होतं आणि टेस्ट फेल जाते. तसं झालं असेल तरच परत तुकडा, आणि तेव्हा लॅबला आधी फोन करून सांगायचं की मऊ भाग वेगळा काढून ठेवा, तेजाबात घालू नका.

प्रश्न : एक्सरेचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला तर बघाल का? (बरेच जण)

उत्तर : नाही बघणार, आणि कोणी बघितला तर त्याच्या उत्तरावर विसंबू नका. ट्यूबलाइटपुढे धरून काढलेल्या फोटोत कड दिसत नाही, आणि सगळा खेळ कडेचा आहे. सेंटरकडून सीडी किंवा डायकॉम फाइलची, म्हणजे मशीनमधल्या मूळ चित्रांची, लिंक मागा, ते देतात, थोडे पैसे घेतात कधीकधी. जुना एक्सरे असेल, अगदी पाच वर्षांपूर्वीचा आणि वेगळ्याच कारणासाठी काढलेला, तर तोही शोधा. तोच डाग तेव्हाही तेवढाच होता असं दिसलं तर पुढच्या अर्ध्या तपासण्या वाचतात. फिल्म दुमडून ठेवू नका, तिला घडीवर भेग पडते आणि ती भेग फ्रॅक्चरच्या जागी आली की मग मलाच चष्मा पुसत बसावं लागतं.